जिजीची सही

आमच्या समोरच्या घरातली जिजी एके दुपारी ओसरीवर आली, उजवा हात माझ्या उघड्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, माह्या अंगठ्याले काय झालं, पाहा बरं."

२०२४ सालच्या आषाढातली ही गोष्ट. मला वाटले, नखुरडे झाले असेल, नाहीतर बाभळीचा काटा मोडला असेल. चष्मा चढवून पाहिले. सूज नाही, जखम नाही, काही नाही. अंगठा चांगला ठणठणीत होता. फक्त एक गोष्ट नव्हती. त्याच्यावर रेघा नव्हत्या. वाघूर नदीतला गोटा पाण्याने घासून घासून जसा होतो, तसा तो गुळगुळीत झाला होता.

"काही नाही झालेलं," मी म्हणालो.

"मंग रेशनच्या मशीनले दिसत कसा नाही? तीन खेपा झाल्या. पोऱ्या म्हणे, आजी, तुमचा थंब लागत नाही."

मी शाळामास्तर. म्हणजे होतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून १९९९ साली सेवानिवृत्त झालो, त्याला पंचवीस वर्षे झाली. माणूस निवृत्त झाला की गावात त्याला दोन कामे उरतात: लग्नपत्रिकेवरच्या चुका काढणे आणि इतरांचे अर्ज लिहिणे. मी दोन्ही मन लावून करतो. तेव्हा जिजी माझ्याकडे आली यात नवल नव्हते. पण तिचा तो अंगठा पाहून मला जे वाटले, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आमचे नशिराबाद म्हणजे जळगावहून भुसावळकडे निघाले की पहिले मोठे गाव. हल्ली लोक ते टोलनाक्यावरून आणि सिमेंटच्या कारखान्यावरून ओळखतात. पण इंग्रजांच्या जुन्या कागदांत आजच्या जळगाव तालुक्याचे नाव नशिराबाद तालुका असे आहे. काचेच्या बांगड्यांसाठी गावाचे नाव होते. मग गेल्या शतकाआधीच्या शतकात आगगाडी आली. ती आमच्या गावातून न जाता दोन मैलांवरच्या भादलीवरून गेली. जळगाव रुळाला लागले आणि आम्ही रस्त्याला लागलो! सरकारी सुधारणा आपल्यापासून दोन मैलांवरून जाते, ही गोष्ट आम्ही नशिराबादकर तेव्हापासून ओळखून आहोत. त्याबद्दल आमची फारशी तक्रार नसते. चालायची सवय झाली आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा महाराष्ट्रात ग्रामशिक्षण मोहीम चालू होती. १९५९ साली साताऱ्यात ती सुरू झाली आणि दोन वर्षांनी साऱ्या राज्यात पसरली. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात त्यांच्या आईबापांना. मी एकवीस वर्षांचा होतो, अंगात नवीन खादीचा सदरा होता आणि एका वर्षात देश साक्षर होईल याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पुरुषांचा वर्ग रात्री मारुतीच्या देवळात, कंदिलाच्या उजेडात. बायकांचा वर्ग दुपारी आमच्याच ओसरीवर. परक्या तरण्या पुरुषासमोर सुनांना कोण पाठवणार? म्हणून माझी आई उंबऱ्याशी पहाऱ्याला बसायची. आईचा पहारा म्हटल्यावर सासवांची हरकत सरली.

त्या वर्गात समोरच्या घरची नवी सून आली. ती ही जिजी. तेव्हा अर्थात ती कोणाचीच जिजी नव्हती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. पदर इतका पुढे ओढलेला की पाटीवर काय दिसते याचेच मला कोडे पडे. महिन्याभरात ती अक्षरे जुळवू लागली. मग सहीचा दिवस आला. सही म्हणजे पूर्ण नाव: आपले, नवऱ्याचे, आडनाव. आणि इथे सगळा वर्ग अडला. नवऱ्याचे नाव घ्यायचे कसे? कोणी हसून पदरात तोंड लपवले, कोणी पाटी पालथी केली. उखाण्यावाचून जे नाव ओठांवर येत नाही, ते मास्तर भर दुपारी मागत होता!

जिजीने त्यातून वाट काढली. ती म्हणाली, "तोंडानं घ्यायचं नाही. हातानं लिह्यलं तर काय होते?"

वर्गातली पहिली सही तिची. नवऱ्याचे नाव तिने ओठ घट्ट मिटून लिहिले. स्वतःच्या नावातल्या 'बाई'मधल्या 'ई'ला मात्र तिने अशी लांबलचक शेपटी काढली की ती पाटीच्या चौकटीवर गेली. मी सांगितले, शेपटी आखूड करा. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच लांब काढली. पुढे बासष्ट वर्षे ती शेपटी तशीच आहे.

सहीचे एवढे अप्रूप का होते, हे आजच्या मुलांना समजणे कठीण आहे. त्यांच्या दृष्टीने अंगठा म्हणजे मोबाइल उघडायची किल्ली. आमच्या वेळी 'अंगठेबहाद्दर' ही शिवी होती. माझ्या आजोबांचे वाघूरच्या अंगाला शेत होते. गरजेला थोडे पैसे काढताना त्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. कर्जाचा कागद म्हणून उठवला, तो निघाला खरेदीखताचा. शेत गेले. आजोबा मरेपर्यंत म्हणत, "मी काही दिलं नाही, त्यानं माझा अंगठा घेतला." पुढे शिक्षक झाल्यावर माझ्या लक्षात आले की भाषेनेसुद्धा हा फरक राखून ठेवला आहे. सही आपण करतो. अंगठा दुसरा घेतो.

गंमत अशी की, अंगठ्याचे हे शास्त्र जन्मले तेही अविश्वासातून आणि तेही आपल्याच देशात. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या साहेबाने एका कंत्राटदाराच्या पंजाचा शाईचा ठसा करारावर घेतला. हेतू हा की, उद्या या गृहस्थाने 'सही माझी नाही' म्हणू नये. पुढे १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अंमलदारांची मोठी मेहनत होती. पद्धतीला नाव मात्र मिळाले साहेबाचे, हेन्री पद्धत. ते असो.

स्वराज्य आल्यावर या देशाने अंगठ्यावर एक मोठा विश्वास टाकला, तो मला आजही थोर वाटतो. १९५१च्या शिरगणतीत शंभरांत जेमतेम अठरा माणसांना लिहितावाचता येत होते आणि त्याच वर्षअखेर पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. नाव वाचता येत नाही ना? मग प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेले. आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाका. हां, एक अट होती: यादीत मतदाराचे नाव हवे. उत्तरेकडच्या प्रांतांतल्या लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. अशा सुमारे अठ्ठावीस लाख बायका यादीतून वगळाव्या लागल्या. लिहिता येत नसले तरी चालेल, पण तू कोण ते तू सांग, एवढे सरकारचे म्हणणे होते. आमच्या ओसरीवरचा वर्ग म्हणजे त्याचीच पुढची इयत्ता होती, असे मी समजतो.

वाचक म्हणतील, मास्तर, तुम्ही निरक्षरांना कमी लेखता. नाही हो. आमच्यापासून जवळच आसोदे आहे. तिथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. त्या बोलत गेल्या आणि घरच्यांनी लिहून घेतले. त्या १९५१ साली गेल्या, गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेनिशी छापून आली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तिथल्या प्रत्येक पदवीपत्रावर न लिहिणाऱ्या बाईचे नाव असते. शहाणपण सहीत नसते हे मला त्या शेजारामुळेच कळले. पण बहिणाबाईंचे बोल टिकले ते लिहून घेणारा पोटचा मुलगा सोपानदेव कवी होता म्हणून. प्रत्येकीच्या घरी सोपानदेव कुठून आणायचा?

माझ्या घरी तर मास्तर असून उपयोग झाला नाही. आई त्या उंबऱ्यावर वर्षभर बसून होती. पन्नासएक बायका सही शिकून गेल्या. आईला मी एकदाच म्हणालो, तू पण शीक. ती म्हणाली, "माझं आता काय राहिलं?" आणि मी पुन्हा विचारले नाही. मला वेळ नव्हता. देश साक्षर करायचा होता. ती गेली तोवर कागदाकागदावर अंगठाच उठवीत होती. उठवून झाला की शाई पदराला पुसायची आणि माझ्याकडे न पाहता आत जायची.

जिजीच्या सहीने मात्र पुष्कळ पराक्रम केले. १९७२च्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला गेली. आठवड्याच्या पगाराला मुकादम हजेरीपट पुढे करी, शाईची डबी उघडी ठेवी आणि बायका रांगेने अंगठा उठवून पुढे सरकत. जिजी पेन मागायची. मुकादम कुरकुरायचा, रांग खोळंबायची, पण जिजीची शेपटी पुरी झाल्याशिवाय पुढचीचा नंबर लागत नसे. नवरा गेल्यावर दोन मुलींची लग्ने तिने कपाशी वेचून आणि केळीच्या बागांत मजुरी करून केली.

रेशनच्या दुकानाची एक हकीकत तर सांगण्यासारखी आहे. पूर्वी तिथे नोंदवही असायची. माल घेतला की सही. एका महिन्यात जिजी मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. परत येऊन पाहते तो वहीत साखर आणि रॉकेल उचलल्याची नोंद आणि पुढे तिची सही! दुकानदार म्हणाला, "तुमचीच आहे, बाई." जिजीने वही उजेडात धरली आणि म्हणाली, "माह्या 'ई'ले शेपूट असते. हे शेपूट कुठं गेलं?" चार माणसे जमली. दुकानदाराने मुकाट्याने साखर मोजून दिली. रॉकेल संपले होते, ते पुढच्या महिन्यात दिले. हे दुकान कोणते ते मी सांगत नाही. तो माणूसही आता नाही आणि तशा वह्या तेव्हा गावोगाव होत्या.

म्हणून, जुने ते सोने, असा सूर लावायला मी धजत नाही. २०१७-१८च्या सुमारास राज्यभरच्या दुकानांत अंगठ्याचे यंत्र आले, तेव्हा मी त्याचे स्वागतच केले. कट्ट्यावर भाषण दिले म्हणा ना! खोट्या सह्या गेल्या, मेलेल्यांची कार्डे गेली, दुसऱ्याच्या तोंडचा घास उचलणे अवघड झाले. यंत्र जात विचारत नाही, पक्ष विचारत नाही. घरबसल्या पंधरा रुपयांत सातबारा मिळतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दारात किती चकरा व्हायच्या, हे माझ्या वहाणा सांगतील. त्यातही एक मौज आहे: त्या सातबाऱ्यावर सरकारी अंमलदाराची 'डिजिटल स्वाक्षरी' असते. म्हणजे सरकारने स्वतःची सही जपली. नव्या युगात तिला नवा अंगरखा शिवला. जिजीची मात्र काढून घेतली आणि म्हणाले, अंगठा द्या.

आणि अंगठा कसा? तर जो सरकारच्याच खडीवर झिजला आहे असा. बोटांवरच्या रेघा म्हणजे कातडीच्या बारीक घड्या. दगड, चुना, माती, कपाशीची बोंडे, राखेने घासलेली भांडी यांनी त्या झिजतात आणि म्हातारपणी कातडी सुकली की उरल्यासुरल्या दिसेनाशा होतात. खुर्चीत बसून आयुष्य काढलेल्या माझा अंगठा यंत्राला पहिल्या फटक्यात पसंत पडतो. खाडाखोडसुद्धा दुसऱ्याकडून करून घेतली असेल, असा तो मऊ आहे. ज्याने जन्मभर हाताने काम केले, त्याचाच हात यंत्राला ओळखू येत नाही, हे मी जिजीचा हात हातात धरून त्या दुपारी प्रथम पाहिले.

मी तिला म्हणालो, "तोवर आमच्याकडून गहू-तांदूळ न्या."

ती म्हणाली, "तुमचे दाणे नको, मास्तर. माह्ये दाणे पाहिजे."

महिन्याचे पाच किलो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेले आणि २०२३च्या जानेवारीपासून फुकट मिळणारे. 'फुकट' हा शब्द तिला आवडत नाही. पण 'माझे' हा शब्द तिने किती नेमका वापरला होता! कायद्याचे अख्खे पुस्तक तेच म्हणते.

मग आमची वारी सुरू झाली. दुकानातला मुलगा बिचारा भला होता. त्याने दहाही बोटे लावून पाहिली. हात धुऊन या म्हणाला, मग तेल लावा म्हणाला, मग केसांवरून बोट फिरवा म्हणाला. यंत्र दर वेळी लाल होऊन तेच सांगे: जुळत नाही. शेवटी त्याने मोबाइलवर येणाऱ्या आकड्याचा मार्ग सुचवला. आकडा गेला जावयाच्या जुन्या नंबरावर, जो चार वर्षांपूर्वी बंद झाला. मी म्हणालो, "अरे, तू हिला लहानपणापासून ओळखतोस." तो म्हणाला, "मी ओळखतो हो, काका. पण माझ्या ओळखण्याला किंमत नाही ना." त्याच्या या वाक्याने मी गप्प झालो. त्याची सही गेली होती तीही जिजीबरोबरच.

एका मदत क्रमांकावर फोन लावला. गोड आवाजाची बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. जिजी कान लावून बसली होती. ती म्हणाली, "व्हय माय, सांग." बाई पुन्हा तेच म्हणाली. जिजीनेही पुन्हा होकार दिला. असे चारदा झाल्यावर जिजीने फोन माझ्या हाती दिला. म्हणाली, "चांगली आहे बिचारी, पण तिले आपलं काही ऐकूच जात नाही."

मी कोणत्याही पक्षाचा नाही, म्हणजे सगळ्या पक्षांवर सारखाच रागावलेला आहे. आलटून पालटून बहुतेकांना मते देऊन पाहिली. पण राजकारण म्हणजे काय, याची माझी साधी समजूत अशी होती: आपण निवडलेला माणूस बाजारात भाजी घेताना सापडला पाहिजे. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा आम्हा मास्तरांना तेच सांगण्यात आले होते की, सत्ता आता खेड्याच्या पारावर येणार. ती आलीही. पारावर भांडणे आली, गटबाजी आली, खाबूगिरीसुद्धा आली, पण भांडायला समोर माणूस होता. त्याची बाही धरता येत होती. आता आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली आहे, सेवा संगणकावर आल्या आहेत, २०१५च्या कायद्याने मुदतीत सेवा मिळण्याचा हक्कही दिला आहे. कागदावर मी १९६२ सालच्या मास्तरपेक्षा कितीतरी बलवान नागरिक आहे. बाही मात्र कुठे दिसत नाही. 'जुळत नाही' असे म्हणणारा कोण, हे दुकानदाराला ठाऊक नाही, कारकुनाला ठाऊक नाही, आमदारालाही बहुधा नसेल. जिजीने एकदा खोटी सही पकडली, कारण सहीवर वाद घालता येतो. ही पाहा, ती पाहा, शेपूट कुठे आहे, असे चार माणसांत म्हणता येते. अंगठ्यावर वाद कोणाशी घालायचा?

आधारची पहिली कार्डेसुद्धा आमच्या खानदेशातच दिली गेली होती. नंदुरबारजवळच्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१०ला, पंतप्रधानांच्या हस्ते. नंदुरबार १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. तेव्हा मी वर्तमानपत्रातला फोटो कापून ठेवला होता. ज्याची कुठेच नोंद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू वाईट कोण म्हणेल? २०१८च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आधार वैध ठरवला, तेव्हाही यंत्रात ओळख पटली नाही म्हणून कोणाला हक्काच्या वस्तूपासून वगळू नये, हा मुद्दा निकालात आला. हे सगळे मला ठाऊक होते. मी ते कात्रणांसह अर्जात लिहिले, दोन प्रती केल्या आणि जिजीला घेऊन जळगावला गेलो.

तिथे एका कचेरीत एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून वरच्या मजल्यावर असे आमचे हस्तांतर झाले. एक तरुण म्हणाला, "काका, हे ऑनलाइन टाका." मी म्हणालो, "टाकतो. पण पोच तुमच्या हातची द्या." त्याने माझ्याकडे, संग्रहालयातल्या वस्तूकडे पाहावे तसे पाहिले. अखेर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या एक पोक्त बाई उठल्या. त्यांनी अर्ज वाचलाच नाही. जिजीचा हात घेतला, अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "माझ्या आईचा असाच झाला होता." मग त्यांनी दोन फोन केले. नवी यंत्रे येत आहेत, त्यांत डोळ्यावरून ओळख पटते, तोवर दुकानदाराने काय करायचे तेही सांगितले. पंधरा मिनिटांत काम झाले. कात्रणे माझ्या पिशवीत तशीच राहिली.

भाद्रपदात जिजीने यंत्राला डोळा दाखवला आणि पाच किलो धान्य घरी आणले. आधीच्या दोन महिन्यांचे गेले ते गेलेच. संध्याकाळी ती ओसरीवर येऊन बसली. खूश असेल म्हणून मी विचारले, "झालं ना मनासारखं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मास्तर, मले सही येते ना?"

"येते की."

"मंग ती आता कुठं करायची?"

मी आठवू लागलो. रेशनची वही गेली. बँकेचे पैसे गावातच अंगठ्यावर मिळतात. पोस्टाने येणारी मनिऑर्डर कधीच बंद झाली. हजेरीपटाचे दिवस सरले. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर सही करायची, तर नातू सुरतेला आणि प्रगतिपुस्तक मोबाइलवर. मी एकेक जागा मनात धुंडाळली आणि प्रत्येक जागी कोणीतरी आधीच पुसून गेलेले होते. मी तिला काहीच उत्तर दिले नाही. विषय बदलून तिला चहा दिला.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. आमचे केंद्र माझ्याच जुन्या शाळेत होते, ज्या वर्गात मी चौथीला गणित शिकवले त्याच वर्गात. जिजी आणि मी बरोबरच गेलो. म्हाताऱ्यांना रांग माफ होती. आत टेबलाशी एक तरुण शिक्षक बसला होता. त्याने यादीत नाव तपासले, जिजीकडे पाहिले, तिचे पांढरे केस, फाटक्या टाचा, नऊवारी पाहिली आणि न विचारता शाईचे पॅड तिच्यापुढे सरकवले. माणूस वाईट नव्हता. माझाच व्यवसायबंधू, दिवसभराचा थकलेला.

जिजीने एका बोटाने पॅड परत त्याच्याकडे ढकलले.

"पेन दे, भाऊ."

तो जरा गोरामोरा झाला. पेन दिले. वहीचा रकाना तिने बोटाने चाचपून पाहिला, वही तिरपी केली आणि लिहायला लागली. स्वतःचे नाव. मग थांबून, ओठ मिटून, नवऱ्याचे. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे नाव अजूनही ती तसेच ओठ मिटून लिहिते. मागे रांग वाढत होती. कोणी खाकरले. एका पक्षाचा पोलिंग एजंट घड्याळाकडे पाहून म्हणाला, "आजी, अंगठा द्या ना, लवकर होईल." जिजीने मान वर केली नाही. आडनाव झाले. मग ती परत मागे आली, कारण एक काम राहिले होते, आणि 'बाई'च्या 'ई'ला तिने शेपटी काढली. ती रकान्याची रेघ ओलांडून खालच्या रकान्यात बरीच आत गेली.

खालचा रकाना माझा होता.

शिक्षक म्हणाला, "काका, तुमच्या जागेत आलंय थोडं. तुम्ही सांभाळून करा."

मी सांभाळून केली.